उंबराच्या पायाशी पाणी

वैशाखातली दुपार आहे. आजच्या नागपूरजवळच्या लाव्हा गावाच्या टेकड्यांतून निघालेला ओढा तुमच्या पायांजवळ येऊन जवळजवळ थांबलाय. खडकांच्या बेचक्यांत तेवढी डबकी उरली आहेत. पुढे लोक याला नाग नदी म्हणतील. अंबाझरीचा बांध अजून कुणी घातलेला नाही, कारण तुम्ही साधारण अडीच हजार वर्षं मागे आला आहात. आज काटोल रोडवर जुनापाणी आहे, तिथल्या माळावर लोखंडाची हत्यारं वापरणारी माणसं आपल्या मृतांभोवती मोठाल्या दगडांची वर्तुळं रचताहेत. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक नावाचा इंग्रज अधिकारी ती खणून पाहील. तुम्हाला मात्र आत्ता सावली हवी आहे.

वर माळावरचा साग उघडाबोडका उभा आहे. इथे ओढ्याच्या काठावर उंबर हिरवागार. त्याची मुळं काठ धरून थेट पात्रात उतरली आहेत आणि बुंध्यापासून जाड फांद्यांपर्यंत फळांचे घोस लगडलेत. खोडाला टेकून बसा. डोक्यावर राखी धनेशाचा नर चोचीत पिकलेलं उंबर धरून जातोय. त्याची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन बसली आहे, तिला तो भरवणार. हरियलांचा थवा पानांत इतका मिसळलाय की फळं टपटपल्यावरच कळतं.

एक लालसर उंबर उचला आणि फोडा. भुर्रकन केंबरं उडतील. तोंड वाकडं करू नका, या झाडाचा सगळा संसार त्यांच्यावर चालतो. तुमच्या हातात आहे ती फुलांची बंद कोठी. शेकडो बारीक फुलं आतल्या बाजूला दाटीनं बसली आहेत. फळ कोवळं असताना त्याच्या तोंडाच्या अरुंद छिद्रातून तांदळाच्या दाण्याहून लहान अशी गांधीलमाशीच्या कुळातली केंबराची मादी आत घुसते. घुसताना तिचे पंख तुटतात. छातीवरच्या इवल्या कप्प्यांतून आणलेले परागकण ती फुलांना लावते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले नर आपापल्या फुलांतून आधी बाहेर पडतात. त्यांना पंखच नसतात. माद्यांशी त्यांचं मीलन होतं, ते भिंत पोखरून वाट करून देतात आणि त्यांचं आयुष्य आतच संपतं. माद्या पराग भरून घेऊन त्या वाटेनं उडतात. त्यांच्या हाती फार तर एक-दोन दिवस. तेवढ्यात योग्य वयाची फळं असलेला दुसरा उंबर गाठायचा, कारण स्वतःच्या झाडावरची फळं बहुतेक एकदमच तयार झालेली असतात. म्हणून एकटा उंबर पुरत नाही. ओढ्याच्या काठानं वेगवेगळ्या वेळी फळणारे पुष्कळ उंबर लागतात.

त्याच काळात नाईलकाठी जा. तिथे उंबराचा सख्खा चुलतभाऊ उभा आहे, सिकमोर. त्याच्या लाकडाच्या शवपेट्या होतात, त्याच्या सावलीत माणसं विसावतात. पण परागीकरण करणारी त्याची माशी इजिप्तपर्यंत पोचली नाही. शेतकरी शिडी लावून कच्च्या फळांना चाकूनं चरे देतात, मग ती पिकतात. त्यांत बी धरत नाही. नवं झाड हवं तर फांदीच लावायची. माणसानं हजारो वर्षं माया केली, तरी मी त्या जागेला सिकमोरचं घर म्हणणार नाही. आपल्या उंबराचं घर इथे आहे, कारण केंबरं इथे आहेत, धनेश इथे आहे, पाणी इथे आहे.

आता पुढे या, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह या ओढ्याकाठच्या वाड्यावस्त्या जोडून नागपूर वसवतोय. नव्या वस्तीला विहीर हवी. तुम्ही एका म्हाताऱ्या बेलदारामागे काठाकाठानं चालताय. तो उंबरापाशी थांबतो, पश्चिमेला थोडी पावलं टाकतो आणि पहार रोवतो. "इथंच खंदा बाप्पा. उंबर उगाच उभा नसते, त्याच्या खाली पानी रायते." त्यानं वराहमिहिराचं नावही ऐकलेलं नाही. पण त्या वराहमिहिराच्या सहाव्या शतकातल्या बृहत्संहितेत हेच लिहिलंय: उंबराच्या पश्चिमेला तीन हातांवर, अडीच पुरुष खोल, गोडं पाणी.

भोसल्यांची राजवट, 1867ची रेल्वे, 1877ची एम्प्रेस मिल ही सगळी भराभर मागे जाऊ द्या. थांबा ते 23 सप्टेंबर 2023च्या पहाटे. चार तासांत 100 मिलिमीटर पाऊस कोसळलाय, अंबाझरी तलाव ओसंडून वाहतोय आणि तुम्ही अंबाझरी लेआउटमधल्या एका घराच्या जिन्यावर अंधारात बसला आहात. खाली फ्रिज तरंगतोय. जिथे उंबराची मुळं काठ धरून होती, तिथे आता सिमेंटच्या भिंती आहेत, काही ठिकाणी तर घरंच. पाणी आपल्या जुन्या जागेवर आलंय, एवढंच.

शहरात उंबर संपला असं नाही. दत्तगुरूंच्या नावानं कित्येक झाडं वाचली आणि त्या श्रद्धेचे आपल्यावर उपकार आहेत. पण पाराला बुंध्यापर्यंत फरशी, पडलेली फळं सकाळीच झाडून कचऱ्यात, आणि पुढचा उंबर कुठे तरी लांब. नाल्याकाठचं मोठं झाड तोडून त्याच्या बदल्यात रस्त्याच्या दुभाजकात रोपं लावली की हिशेब जुळवला जातो. तो हिशेब खोटा आहे. रोप लागेल, पण त्याला काठ मिळणार नाही आणि शेजारी दुसरा उंबरही नसेल.

नागपूरकरांनो, येत्या पावसाळ्यात उंबराचं रोप लावणार असाल तर ते नाग, पिली किंवा पोहरा नदीच्या मातीच्या काठावर लावा, आणि एकच लावू नका. तुमच्या भागातल्या नाल्याचा उरलेला मातीचा काठ सिमेंटनं बांधायचा प्रस्ताव आला, तर नगरसेवकाला गाठून आधी त्याला विरोध करा.