नंबरचं भाडं

ऑनसाइट जाणाऱ्या माणसाची एक ठरलेली यादी असते. फॉरेक्स कार्ड, प्रेशर कुकर, मेतकूट, जास्तीचा चष्मा... आणि गेल्या काही वर्षांत त्यात एक ओळ वाढली आहे : "इथल्या सिमचं काय करायचं?"

प्रश्न तसा फुटकळ दिसतो. दोन वर्षं तिकडे राहायचं, तिकडचं सिम घ्यायचं, आईबाबांशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलायचं. मग इथला नंबर हवाच कशाला? हवा, कारण बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. आधार, डिमॅट, पीएफ, सगळं त्या दहा आकड्यांना बांधलेलं. म्हणजे बोलायचं नाही, तरी नंबर जिवंत ठेवायचा, आणि तोही कमीत कमी पैशांत.

हे त्रांगडं झालं कसं, हे बघायला बसलो तर तीस वर्षांचा इतिहास निघाला. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नंबर सुरुवातीला नुसता पत्ता होता, पुढे तो ओळखपत्र झाला. पण त्याचे पैसे मात्र आपण अजून बोलण्याच्या हिशोबाने भरतो. सगळी गोची तिथे आहे.

पहिल्यापासून सुरुवात करू. सप्टेंबर १९८७ मध्ये कोपनहेगनला युरोपातल्या टेलिफोन कंपन्यांनी एका करारावर सह्या केल्या. एकच मोबाइल पद्धत सगळ्या देशांत चालवायची, असा तो करार. त्यातून जीएसएम आलं. १९९१ मध्ये फिनलंडमध्ये पहिला जीएसएम कॉल झाला आणि १९९२ मध्ये फिनलंड आणि ब्रिटनमधल्या दोन कंपन्यांनी आपसात पहिला रोमिंग करार केला. थोडक्यात, "माणूस देशाबाहेर जाणार" हे या पद्धतीत पहिल्यापासून गृहीत धरलेलं आहे.

आपल्या धंद्यातल्या लोकांना यातली एक गोष्ट फार आवडेल. तुमचा नंबर सिमवर नसतोच! म्हणजे सोयीसाठी लिहून ठेवलेला असू शकतो, पण नेटवर्कला त्याच्याशी घेणंदेणं नसतं. सिमवर एक वेगळाच ओळख क्रमांक असतो. "हा नंबर म्हणजे ते सिम, आणि ते सिम आत्ता अमुक देशात अमुक नेटवर्कवर आहे" ही नोंद तुमच्या मूळ कंपनीच्या डेटाबेसमध्ये असते. नंबर हा चक्क पॉइंटर आहे. म्हणून तर सिम हरवलं तरी दुसऱ्या सिमवर तोच नंबर मिळतो, आणि तुम्ही म्युनिकला उतरलात की पुण्यातला डेटाबेस गुपचूप अपडेट होतो.

एसएमएसची गंमत वेगळी. तो बोलण्याच्या वाटेने जातच नाही. नेटवर्कची आपापसातली निरोपांची जी वाट असते, तिच्यावरून हे १६० अक्षरी पत्र जातं. तुम्ही परदेशात असाल तर मूळ कंपनी डेटाबेसमध्ये बघते, तुम्ही कुठे आहात ते शोधते आणि एसएमएस तिकडच्या नेटवर्कच्या हातात देते. खर्च नगण्य. त्यामुळे रोमिंगमध्ये कॉल घ्यायला खिसा फाटतो, पण येणारा एसएमएस साधारणपणे फुकट असतो. परदेशात ओटीपी मिळवण्याचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे.

आता आपल्याकडे येऊ. ३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांना फोन केला, तो भारतातला पहिला मोबाइल कॉल. मुंबईत त्याच वर्षी मॅक्स टच आणि बीपीएल मोबाइल आले. त्या काळी दर गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रुपयांच्या वर जायचे, आणि वर इनकमिंगचेही पैसे पडायचे! तेव्हा नंबर कायमचा जपून ठेवणं वगैरे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. मोबाइल ही चैनीची वस्तू होती. परदेशी निघालात तर कनेक्शन बंद करायचं, विषय संपला.

खरं तर नंबर राखून ठेवायची कल्पना जुन्या लँडलाइनवाल्यांकडे होती. बाहेरगावी जास्त दिवस जायचं असेल तर सरकारी फोन खात्यात अर्ज देऊन फोन "सेफ कस्टडी"त ठेवता यायचा. लाइन बंद, पण नंबर तुमचाच. फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचा तो काळ, त्यामुळे मिळालेला नंबर सोडायला कोण तयार होणार? सरकारी खात्याला आपण पुष्कळ नावं ठेवतो, पण "वापर" आणि "हक्क" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांना कळलं होतं. असो.

मोबाइलचं खरं वळण २००३ मध्ये आलं. ट्रायने कंपन्यांच्या आपसातल्या देण्याघेण्याचे नियम ठरवले आणि इनकमिंग फुकट झालं. फोन करणाऱ्याची कंपनी, फोन घेणाऱ्याच्या कंपनीला मिनिटामागे ठरावीक पैसे देणार. २००४ पासून हा दर ३० पैसे होता, २००९ मध्ये २० पैसे झाला. आता याचा अर्थ नीट बघा. तुमच्या सिममध्ये शून्य बॅलन्स असला आणि तुम्ही फक्त फोन घेत असलात, तरी तुमची कंपनी तुमच्यावर कमवत होती. नुसतं येणाऱ्या कॉलवर जगणारं गिऱ्हाईकसुद्धा परवडत होतं.

म्हणून तर २००५ च्या अखेरीला "लाइफटाइम" प्रीपेड आलं. एकदाच ९९९ रुपयांच्या आसपास भरायचे आणि इनकमिंग जन्मभर चालू. लोकांनी उड्या मारल्या. आपल्या घरातल्या कित्येक आजी-आजोबांचा पहिला मोबाइल हाच. आता जन्म कोणाचा, हा प्रश्न होताच :-) कंपन्यांच्या लेखी ते आयुष्य त्यांच्या परवान्याचं होतं, तुमचं नव्हे. २००६ मध्ये ट्रायने याचे नियम घालून दिले. तरीही परदेशी जाणाऱ्यासाठी तो सुवर्णकाळ होता. अधूनमधून थोडा रिचार्ज मारला की सिम कपाटात सुखाने पडून राहायचं.

याच काळात नंबरचं ओळखपत्र व्हायला लागलं. ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांना आणखी एक पडताळणी सक्तीची केली. सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी तो पासवर्ड असायचा, हळूहळू त्याची जागा एसएमएसवरच्या ओटीपीने घेतली. आधार आलं, त्यालाही मोबाइल जोडला गेला. जानेवारी २०११ मध्ये देशभर नंबर पोर्टेबिलिटी आली आणि कंपनी बदलली तरी नंबर तोच राहू लागला. २०१६ मध्ये यूपीआय आलं. त्यात तर नोंदणीच्या वेळी तुमचा फोन तुमच्या सिमवरून एक एसएमएस पाठवतो आणि नंबर तुमच्याच हातात आहे याची खात्री केली जाते. दहा आकडी पॉइंटरचा आता प्रायमरी की झाला होता. डेटाबेस शिकवणाऱ्या कुठल्याही मास्तरांनी हे बघून कपाळावर हात मारला असता!

कारण हा नंबर तुमच्या मालकीचा नसतो. आकडे मर्यादित, ते सरकार कंपन्यांना वाटून देतं आणि कंपनी तुम्हाला वापरायला देते. वापरला नाहीत तर परत जातो. २०१३ मध्ये ट्रायने याचा नियम केला. ९० दिवस काहीच वापर नसेल तर प्रीपेड नंबर बंद करता येईल, पण खात्यात २० रुपये असतील तर ते कापून मुदत वाढवायची. वापर कशाला म्हणायचं? केलेला किंवा आलेला कॉल, पाठवलेला एसएमएस, डेटा वगैरे. ज्या येणाऱ्या ओटीपीसाठी आपण सिम जपतो, त्याचं नाव या यादीत नाही.

नियम पाळूनही नंबर धोक्यात येऊ शकतो, हे मुंबईकरांनी २०१४ मध्ये पाहिलं. ९८२१ ने सुरू होणारे जुने बीपीएलचे नंबर २००९ पासून लूप मोबाइल झाले होते. नोव्हेंबर २०१४ मध्ये लूपच्या परवान्याची मुदत संपली. सुमारे ३० लाख ग्राहकांना दुसरी कंपनी गाठावी लागली. पोर्ट करायचं म्हणजे त्याच सिमवरून १९०० ला एसएमएस पाठवायचा, कागदपत्रं द्यायची, नवीन सिम हातात घ्यायचं. मुंबईत बसून हे कटकटीचं, मग न्यू जर्सीत बसलेल्याने काय करायचं? डिसेंबर २०१७ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सची कॉल सेवा बंद झाली, २०१८ मध्ये एअरसेलने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा हेच पुन्हा घडलं.

मग सुवर्णकाळ संपला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि लोकांच्या फोनमध्ये दुसरं सिम शिरलं. पहिलं सिम नुसतं इनकमिंगपुरतं उरलं. त्याच सुमाराला इनकमिंगवर मिळणारे पैसे घसरत होते : २०१५ मध्ये १४ पैसे, ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैसे, जानेवारी २०२१ पासून शून्य. फक्त ऐकणारं गिऱ्हाईक आता कंपनीला फुकटात पोसावं लागत होतं. २०१८ च्या अखेरीला मोठ्या कंपन्यांनी किमान रिचार्ज आणलं, २८ दिवसांना ३५ रुपये. ते मारलं नाही तर आधी आउटगोइंग बंद, मग इनकमिंगही. या दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या, हा योगायोग आहे असं मला तरी वाटत नाही. नंबरचं भाडं सुरू झालं ते तिथून. जुलै २०२४ मध्ये एअरटेलचा २८ दिवसांचा साधा प्लॅन १९९ वर गेला होता. वर्षात असे २८ दिवस तेरा वेळा येतात, म्हणजे २५८७ रुपये. कशासाठी? महिन्याला दोन ओटीपीसाठी.

"जाऊ दे गेला नंबर तर" असं म्हणणाऱ्यांसाठी एक किस्सा. आमच्या टीममधला एक सिनियर दीड वर्ष जर्मनीत होता. त्याचा इथला नंबर कधी बंद झाला, त्याला कळलंच नाही. एका सकाळी व्हॉट्सअ‍ॅप आपोआप लॉगआउट झालं. नंबर नव्या माणसाला मिळाला होता आणि त्याने त्यावर व्हॉट्सअ‍ॅप सुरू केलं होतं. त्याच्या आईने सवयीने तोच नंबर लावला. पलीकडून एक अनोळखी पोरगा म्हणाला, "काकू, राँग नंबर." बिचाऱ्या माउलीला दिवसभर घोर. तो पोरगा सरळ होता म्हणून बरं, कारण बँकेचे मेसेज त्यालाच जात होते. नंतर आमचा मित्र तीन आठवडे सुट्टीवर आला, त्यातले चार दिवस बँक आणि आधार केंद्रात गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर हाच विषय आला होता. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्याला देत नाहीत, असं ट्रायने तेव्हा सांगितलं. जुना डेटा पुसायची काळजी ग्राहकानेच घ्यायची, असं कोर्ट म्हणालं. नव्वद दिवस! दीड वर्षाच्या प्रोजेक्टसमोर ते काय पुरणार?

चांगल्या बातम्याही आहेत. जानेवारी २०२३ मध्ये एनपीसीआयने अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, यूएई धरून दहा देशांचे नंबर एनआरई-एनआरओ खात्यांच्या यूपीआयसाठी चालतील असं जाहीर केलं. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना डेटा नसलेले, फक्त कॉल-एसएमएसचे प्लॅन द्यायला लावले आणि अशा व्हाउचरची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवसांवर नेली. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये एअरटेलने १८४९ रुपयांत वर्षभराचा असा प्लॅन आणला. महिन्याला दीडशेच्या आसपास. स्वस्त म्हणवत नाही, पण दर २८ दिवसांनी गजर लावायची गरज संपली. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल व्यवहारांच्या पडताळणीचे नवे नियम काढले, १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवून. पडताळणी म्हणजे फक्त एसएमएस ओटीपी नव्हे, बँका दुसरे मार्गही देऊ शकतात, हे त्यात मोकळेपणाने मान्य केलेलं आहे.

तर या इतिहासातून जाणाऱ्याने काय घ्यायचं? वर्षभराचा, डेटा नसलेला प्लॅन बघा. रोमिंग निघण्याआधी इथूनच चालू करून घ्या. तिकडे डेटा रोमिंग बंद ठेवा, आणि कॉल फॉरवर्डिंग तपासा. फोन उचलला नाही तर व्हॉइसमेलवर जायची सोय चालू असेल, तर तो कॉल आधी परदेशात जातो आणि तिथून परत भारतात येतो. दोन्ही वाटांचा भुर्दंड तुम्हालाच. अधूनमधून एखादा एसएमएस स्वतः पाठवा, म्हणजे नंबर वापरात आहे याची नोंद राहते. यूपीआयची सिमशी बांधणीही इथे असतानाच उरका. आणि बँकेत एनआरओ खातं करताना तिकडचा नंबर चालतो का, हे आधी विचारा. चालत असेल तर ओझं निम्मं झालं.

खरा उपाय मात्र आपल्या हातात नाही. ज्या नंबरवर माणसाची बँक, पेन्शन आणि ओळख टांगलेली आहे, तो नंबर न बोलता, माफक पैशांत राखून ठेवण्याचा हक्क प्रीपेडवाल्यालाही असायला हवा. हे काही फार मोठं मागणं नाही. लँडलाइनच्या त्या खात्यात एक अर्ज भरून हे काम व्हायचं.