चार इंचांचं माप

बुंदी घरी आली तेव्हा मी सातवीत होतो आणि ती दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा जराशी मोठी होती. दुकानदाराने सोबत प्लास्टिकचं एक भांडं दिलं. मधोमध बेट, बेटावर प्लास्टिकचा माड. "एवढंच राहतं हे," तो म्हणाला. आज तिचं कवच नऊ इंचांचं आहे. गेल्या उन्हाळ्यात आई वैतागून म्हणाली, "पाषाणच्या तळ्यात सोडून ये तिला. कासव सोडलं तर पुण्यच मिळेल."

मी नाही म्हणालो, पण का नाही ते मला सांगता येईना. म्हणून त्या प्लास्टिकच्या माडाचा माग काढत बसलो.

बुंदीच्या डोळ्यामागे लाल पट्टा आहे. ही जात म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर. मूळ घर अमेरिकेतलं मिसिसिपी नदीचं खोरं. तिथे नारळ उगवत नाही. तरीही १९५० आणि ६०च्या दशकांत अमेरिकेतल्या स्वस्त वस्तूंच्या दुकानांत या जातीची पिल्लं माड लावलेल्या उथळ भांड्यांसह विकली जात होती. भांडं पोराच्या टेबलावर छान दिसायचं, तेवढंच त्याचं काम.

गंमत म्हणजे विकणाऱ्यांना कासवाला काय लागतं हे पक्कं ठाऊक होतं. लुइझियाना राज्यात कासवांची शेती उभी राहिली. मोठ्या कासवांसाठी तिथे मातीची तळी खणलेली असत. भरपूर पाणी, काठावर ऊन, अंडी घालायला मऊ माती. म्हणजे आईला तळं आणि पिल्लाला वाडगा.

मग मुलं आजारी पडू लागली. कासवाच्या पोटात साल्मोनेला जिवाणू असू शकतो. त्याचा कासवाला त्रास होत नाही, माणसाला होतो. १९७५ साली अमेरिकेने चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी घातली. चारच इंच का? कारण त्याहून मोठं कासव लहान मूल तोंडात घालू शकत नाही. माप घेतलं ते मुलाच्या तोंडाचं. कासवाला किती जागा लागते, हा प्रश्न त्या कायद्यात नव्हताच.

निर्यात मात्र चालू राहिली. १९८९ ते १९९७ या काळात अमेरिकेतून या जातीची पाच कोटींहून जास्त कासवं परदेशी गेली. त्याच सुमाराला निन्जा टर्टल्सचं वेड जगभर पसरलं होतं. पिल्लं वाढली, वाडगे पुरेनात, आणि लोकांनी ती जवळच्या तळ्यात सोडली. तिथे ती स्थानिक कासवांचं अन्न आणि उन्हाची जागा बळकावू लागली. १९९७ साली युरोपीय संघाने आयात बंद केली. जपानने २०२३ साली विक्री आणि बाहेर सोडणं या दोन्हींवर बंदी आणली. घरात आधीपासून असलेलं कासव सांभाळायला मुभा ठेवली. आपल्याकडे गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यातही हे लाल पट्टेवाले सापडलेत. ते सोडणाऱ्यांनाही बहुधा पुण्यच हवं होतं.

आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग ठेवणार कुठे?"

प्रश्न रास्त होता. कवचाच्या दर इंचामागे साधारण ४० लिटर पाणी, असा पाळणाऱ्यांचा ठोकताळा आहे. बुंदीसाठी झालं ३६० लिटर, म्हणजे ३६० किलो वजन. आमच्या जुन्या इमारतीची गॅलरी ते पेलेल, असं म्हणायची माझी हिंमत नव्हती. शिवाय ऊन हवं, आणि तेही थेट. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हातले कवचाला लागणारे अतिनील किरण काचच अडवते. घरात ठेवायचं तर खास दिवा, फिल्टर, चढून बसायला कोरडी जागा, सगळंच आलं.

शेवटी संगमेश्वरजवळच्या आजोळी मामाला फोन केला. परसात जांभ्याचा जुना हौद रिकामा पडला होता. आतून नवा गिलावा केला, आणि सिमेंटचा क्षार उतरावा म्हणून दोन आठवडे पाणी भरून पुन्हा पुन्हा ओतून दिलं. एका कडेला उतरता दगड लावला, निम्म्या भागावर सावली केली. मुंगूस आणि कावळ्यांसाठी वरून जाळी. पावसाळ्यात हौद भरून वाहिला तर बुंदी थेट ओढ्यात जाईल, म्हणून पाणी बाहेर जायच्या भोकालाही जाळी.

"किती वर्षं जगते रे ही?" मामाने विचारलं.

"नीट ठेवली तर तीस वर्षंही."

मामा अठ्ठावन्न वर्षांचा आहे. त्याने मनातल्या मनात हिशेब केला असावा. "आणि माझ्यानंतर?"

"मी आहे ना. येत जाईन."

तो काही बोलला नाही. गवंड्याला हाक मारली आणि काठ अजून एक चिरा उंच करायला सांगितला.