गरम पाण्यासाठी चंद्र

अंतराळस्पर्धेची थट्टा करणाऱ्या कौटुंबिक चित्रपटांत रिचर्ड लेस्टर दिग्दर्शित 'द माउस ऑन द मून' (१९६३) मला विशेष वाटतो. लिओनार्ड विबर्ली यांच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. ग्रँड फेनविक या चिमुकल्या काल्पनिक राज्याच्या पंतप्रधानांना न्हाणीघरात गरम पाणी हवे असते; तेवढ्यासाठी ते चंद्रमोहिमेचे निमित्त करून अमेरिकेकडे कर्ज मागतात. (टँकरची वाट पाहत डोंबिवलीत वाढलेल्यांना हा प्राधान्यक्रम सहज पटावा.) अमेरिका औदार्य दाखवते, मग मागे कसे राहायचे, म्हणून सोव्हिएत रशिया चक्क रॉकेटच भेट देतो. राज्यातली स्फोटक द्राक्षमदिरा इंधन ठरते आणि बहाणा खरा होतो.

गंमत अशी की त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला केरळातील थुंबा येथून भारतभूमीवरचे पहिले संशोधन-रॉकेट उडाले. रॉकेट अमेरिकेचे, आतले सोडियम-बाष्पाचे साहित्य फ्रान्सचे, हेलिकॉप्टर रशियाचे. कार्यालय चर्चमध्ये आणि सुटे भाग सायकलवर! लेस्टरच्या पटकथेत शोभावे असे सारे. मात्र विक्रम साराभाईंना बहाण्याची गरज नव्हती. आपल्याला अवकाश कशासाठी हवे, हे ते उघडपणे सांगत होते.

मंगळयान २०१४ मध्ये मंगळाच्या कक्षेत पोहोचल्यावर 'न्यूयॉर्क टाइम्स'ने एक व्यंगचित्र छापले: गाय घेऊन आलेला शेतकरी अंतराळातल्या अभिजनांच्या क्लबाचे दार ठोठावतो आहे. टीका झाली, वृत्तपत्राने दिलगिरी व्यक्त केली. सामग्री फेनविकचीच, पण तिथे हसू येते ते बड्यांच्या चढाओढीचे. इथे चित्रकाराचा हेतू कदाचित तसाच असेल. डोळा मात्र आधी गायीवरच जातो.