रातपाळी ते रात्रजीवन

लोअर परळमधील एखाद्या जुन्या इमारतीतल्या सदनिकेची जाहिरात पाहावी. नूतनीकरण पूर्ण झालेले, जमिनीला संगमरवर, स्वयंपाकघर दिवाणखान्याला जोडून घेतलेले, खिडक्यांना आवाज रोखणारी दुहेरी काच. आणि या सगळ्यानंतर विक्रीचा खास मुद्दा म्हणून परिसरातील 'नाइटलाइफ'. त्याला 'रात्रजीवन' असा मराठी प्रतिशब्द करता येईल, पण तो कानाला उपरा वाटतो. ज्या वस्तीविषयी तो योजला जातो, तिच्या बोलीत मात्र रात्रीसाठी एक शब्द पिढ्यान्‌पिढ्या नांदत होता : रातपाळी. या दोन शब्दांमधील अंतर हा गिरणगावाचा इतिहास आहे.

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली. पुढे परळ, लालबाग, वरळी, भायखळा या पट्ट्यात गिरण्या दाटत गेल्या आणि कोकणातून, घाटावरून माणसे येत राहिली. १९२० च्या दशकात मुंबई विकास खात्याने उभारलेल्या बीडीडी चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. एका खोलीत एकाच गावचे अनेक कामगार राहत. दिवसपाळीवाला उठून गेला की त्याच्या जागी रातपाळीहून परतलेला पाठ टेकी. जागा अपुरी होती, म्हणून तीच जागा पाळीपाळीने वापरली जाई.

घरात न मावणारे आयुष्य साहजिकच बाहेर वाहत आले. गॅलरी, गल्ली, खानावळ, व्यायामशाळा, भजनी मंडळ ही या वस्तीची खरी दालने होती. परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ पासूनचे. कामगार रंगभूमीच्या कित्येक हौशी नटांनी तेथे तोंडाला रंग लावला. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ चे. त्याचा श्रोता याच चाळींतून उठून येत असे. या रात्रीचे वैशिष्ट्य असे, की तिच्यात करमणूक करणारा आणि करवून घेणारा यांच्यात फारसे अंतर नव्हते.

तथापि या रात्रीचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. सुताची धूळ छातीत साठवणारी, दारूच्या गुत्त्यावर संपणारी रात्रही हीच होती. आणि खानावळीच्या चुलीपुढे बसलेल्या बाईच्या वाट्याला तिच्यातली करमणूक क्वचितच आली. गिरणगावाविषयी हळहळताना आपण हे सोयीस्करपणे विसरतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी केली, पण एक अट घालून : जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे व्हावेत, एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि एक मालकाकडे. २००१ मधील दुरुस्तीने ही वाटणी फक्त मुळात रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये ती ग्राह्य धरली. गिरणीची इमारत ज्या जमिनीवर उभी होती, ती वाटणीतून सुटली आणि शहराचा व कामगाराचा वाटा आक्रसला. नियमाच्या एका ओळीतील हा बदल कोणत्याही कादंबरीतील कलाटणीपेक्षा कमी नाट्यमय नाही.

त्यानंतरची रात्र आपल्या परिचयाची आहे. फिनिक्स मिलचे धुराडे मॉलच्या आवारात शोभेचे झाले. मथुरादास मिलच्या आवारात २००७ मध्ये 'ब्लू फ्रॉग' हे संगीतगृह सुरू झाले. कमला मिलच्या आवारात उपाहारगृहे आणि मद्यगृहे गच्चीपर्यंत चढली. तेथे २९ डिसेंबर २०१७ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, आग लागून १४ जणांचा मृत्यू झाला. गिरणीच्या आवारात रात्री जागणाऱ्यांच्या जिवाची हमी कोणाची, हा गिरणगावाचा जुनाच प्रश्न नव्या वेशात पुन्हा उभा राहिला.

जयंत पवारांच्या 'अधांतर' या नाटकात (१९९७) संपानंतरची चाळीतील एक खोली आहे. पुढे त्यांच्या ज्या कथासंग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्याच्या शीर्षकातच 'फिनिक्स' आहे. हे नाटक वर्गात शिकवताना विद्यार्थी विचारतात, की इतकी माणसे एका खोलीत कशी राहत? नेपथ्याची सूचना समजावून सांगता येते. १६० चौरस फूट मात्र खडूने जमिनीवर आखूनच दाखवावे लागतात. आखलेल्या चौकटीत मुले उभी राहतात आणि वर्ग गप्प होतो.

दामोदर नाट्यगृह २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झाले. जाहिरातीतील सदनिका मात्र विक्रीला आहे. तिच्या किमतीत खालच्या रस्त्यावरची रात्र धरलेली आहे, आणि त्याच रात्रीचा आवाज आत येऊ नये म्हणून बसवलेली दुहेरी काचही. चाळीतल्या माणसाला खोलीत जागा नव्हती म्हणून त्याने रात्र बाहेर मांडली. नव्या रहिवाशाला आत भरपूर जागा आहे, आणि रात्र त्याने विकत घेऊन खिडकीबाहेर ठेवली आहे.