जावातील प्रश्नचिन्हाची कुळकथा

जावा या संगणकभाषेत कोनी कंसांच्या आत उभे असलेले जे प्रश्नचिन्ह नवशिक्यास बुचकळ्यात पाडते, त्याचे मूळ शोधू गेल्यास ते एका जुन्या सवलतीपाशी जाऊन पोहोचते. वर्ग व उपवर्ग ही कल्पना ओस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगॉर्ड यांनी सिम्युला ६७ या भाषेत रुजविली, आणि उपवर्गाची वस्तू मूळ वर्गाच्या जागी निर्वेध चालावी हा दंडक पुढे रूढ झाला. परंतु हाच न्याय वस्तूंच्या संग्रहासही लागू करावा काय, हा प्रश्न दिसतो त्याहून कुटिल होता. कारकून हा नोकर खरा. पण म्हणून कारकुनांची यादी नोकरांची यादी ठरते काय? नुसती वाचावयाची असेल तर खुशाल ठरते. मात्र नोकरांची म्हणून हाती घेऊन कोणी तीत शिपायाचे नाव दाखल केले, की दप्तर बिघडलेच.

१९९६ साली सन कंपनीची जावा बाहेर पडली, तेव्हा तीत घटकांचा प्रकार मोकळा ठेवून संग्रह रचण्याची, म्हणजे जेनेरिक्सची, सोय नव्हती. ती अज्ञात होती असे नव्हे. एमआयटीमधील बार्बरा लिस्कॉव्ह यांच्या क्लू भाषेत ती १९७०च्या दशकातच होती. परंतु क्रम लावण्यासारखी कृती एकदाच लिहून सर्व वस्तूंच्या अ‍ॅरेंना वापरता यावी, म्हणून उपप्रकाराच्या अ‍ॅरेस मूळ प्रकाराचा अ‍ॅरे मानण्याची मुभा देण्यात आली, आणि तिचे मोल असे की, अ‍ॅरेत वस्तू ठेवताना ऐन कार्यवाहीत झडती घेणे प्राप्त झाले. माझ्या मते ही तडजोड अडचणीतून निघालेली असली, तरी अप्रामाणिक नव्हती.

ब्राखा, ओडर्स्की, स्टाउटामायर व वॉडलर यांच्या १९९८च्या आराखड्यावरून २००४ मध्ये जेनेरिक्स जावात आले, ते मात्र कडक शिस्तीचे: कारकुनांची यादी नोकरांची नव्हेच. ही शिस्त निर्दोष खरी, पण निरुपद्रवी वाचनासही तिने मज्जाव केला असता. तेव्हा इगाराशी व विरोली यांनी २००२ मध्ये मांडलेल्या विचाराच्या आधारे, डेन्मार्कातील ऑर्हूस विद्यापीठ आणि सन येथील मंडळींनी प्रश्नचिन्ह योजिले: त्यापुढे ‘एक्सटेंड्स’ असेल तर घटक काढून घ्यावा, ‘सुपर’ असेल तर घालावा. मुभा आता भाषेने सरसकट न देता, वापरणाऱ्याने जागोजाग मागून घ्यावयाची होती.

२०१६ मध्ये नादा अमीन आणि रॉस टेट यांनी दाखवून दिले की, ‘नल’ या रिक्त मूल्याचा आडोसा घेऊन याच प्रश्नचिन्हांतून प्रकारांचा पहारा चुकविता येतो. तेथेही अनर्थ टळतो तो ऐन कार्यवाहीतील झडतीमुळेच.