शनिवारची रात्र: मुंबई ते माथेरान

समजा, मुंबईहून दोघांसाठी एक छोटी सहल आखायची आहे. ट्रेननंच जायचं. शनिवारी सकाळी कर्जत लोकल धरायची, नेरळला उतरायचं, तिथून छोट्या गाडीनं माथेरान, एक मुक्काम, रविवारी संध्याकाळी परत. यात संशोधनाचा विषय कुठे आहे, असं तुम्हाला वाटेल. पण पीएचडीसाठी प्रश्न शोधताना असा एखादा साधा बेत घ्यावा आणि त्याचे भाग सुटे करून बघावेत. या बेताला काय काय लागतं? रूळ, डोंगरावर राहायची सोय, पैसे, एकत्र जाऊ शकणारी दोन माणसं. आणि एक गोष्ट जी आपण यादीत धरतच नाही: शनिवारची मोकळी रात्र. रुळांचा इतिहास सगळे सांगतात. त्या रात्रीचा इतिहास मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

रुळांचं आधी उरकून घेऊ. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, हे पाठ असतंच. १८५६ मध्ये रेल्वे नेरळवरून पुढे खोपोलीपर्यंत पोचली. बोरघाटातून सलग गाडी जायला १८६३ उजाडलं. तोपर्यंत पुण्याला जाणारे खोपोलीला उतरून पालखीनं वगैरे घाट चढत. तेव्हा डोंगराच्या पायथ्यापर्यंत रेल्वेनं जाणं मुंबईकरांना फार लवकर शक्य झालं होतं.

माथेरानचा ‘शोध’ १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी लावला असं पुस्तकात असतं. ‘शोध’ हा शब्द वाचला की थांबायची सवय लावून घ्या. ठाकूर, कातकरी, धनगर त्या डोंगरात आधीपासून वावरत होते. मॅलेटसाहेबांनंतर तिथे सरकारी लोकांचे बंगले आले, एवढाच त्याचा नेमका अर्थ. आणखी एक कामाची गोष्ट: माथेरानची जुनी माहिती रायगड किंवा कुलाब्याच्या गॅझेटियरमध्ये शोधत बसू नका. १८८२ च्या गॅझेटियरच्या वेळी कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यात होता, त्यामुळे ती ठाण्याच्या खंडांत आहे. जिल्ह्यांच्या सीमा बदलतात आणि आपले दोन महिने जातात.

नेरळहून वर जायला पन्नासेक वर्षं घोडा, पालखी किंवा पाय. मग सर आदमजी पीरभॉय यांचा पैसा आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची खटपट यातून १९०४ ते १९०७ या काळात दोन फुटी रुळांची गाडी झाली. खर्च १६ लाख रुपये. सायन्सच्या मुलांनी इथे कागद घ्यावा. नेरळ समुद्रसपाटीपासून साधारण ४० मीटरवर, माथेरान ८०० च्या आसपास. म्हणजे ७६० मीटर चढायचे आहेत आणि मार्ग सुमारे २० किलोमीटरचा. सरासरी चढ २६ ला १, सगळ्यात कठीण ठिकाणी २० ला १. एवढा चढ साध्या चाकांना झेपावा म्हणूनच अंतर वाढवत, वळणं घेत, रूळ डोंगराला गुंडाळत नेलेत. म्हणून दोन तासांहून जास्त वेळ लागतो.

या मार्गावर बोगदा एकच, आणि त्याचं नाव ‘वन किस टनेल’. एका चुंबनापुरता अंधार, म्हणून हे नाव, असं सांगतात. गंमत म्हणून हिशेब करा: गाडीचा वेग ताशी १० किलोमीटर धरला तर सेकंदाला २.८ मीटर. तीस मीटरचा बोगदा धरला तर ११ सेकंद अंधार. पण इतिहासाच्या दृष्टीनं प्रश्न वेगळा आहे. नाव हा कशाचा पुरावा असतो? बोगद्यात काय घडत होतं, याचा नाही. या गाडीत जोडपी बसतात आणि त्यांना डब्यातल्या इतरांसमोर जवळ येता येत नाही, या दोन गोष्टी लोकांनी गृहीत धरल्या होत्या, याचा मात्र नक्की.

आता वेळेचा हिशेब. मुंबई ते नेरळ सुमारे ८६ किलोमीटर, आजच्या लोकलनं दोन तासांच्या आसपास. वर छोट्या गाडीचे दोन-अडीच तास. जाऊन-येऊन आठ-नऊ तास. आठवड्याला एकच सुटी असेल तर पहाटे निघून रात्री परत, पदरात चार-पाच तास. ती सहल होते, मुक्काम होत नाही. मुक्काम हवा तर सलग दीड-दोन दिवस मोकळे लागतात.

ते कुणाकडे होते? मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची एक सुटी मिळवायलाच झगडावं लागलं. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली कामगारांनी सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० ला गिरणी मालकांनी आठवड्याची सुटी मान्य केली. कामाचे तास त्यानंतर इंचाइंचानं उतरले: १९२२ च्या कायद्यानं आठवड्याला ६०, १९३४ च्या कायद्यानं ५४, १९४८ च्या कायद्यानं ४८. सहा दिवसांत ४८ म्हणजे रोजचे आठ. शनिवार पूर्ण भरतो.

आणि गरज तर त्यांनाच जास्त होती. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात आई-वडील, भाऊ-बहिणी, गावाकडून आलेला पुतण्या. नवराबायकोला एकांत मिळणार कुठे? गॅलरीत, गच्चीवर, नाहीतर चौपाटीवर. त्यातही बायको मुंबईत असेल तर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या शहरात पुरुषांच्या तुलनेत स्त्रिया जेमतेम निम्म्या होत्या. कोकणातल्या गिरणी कामगाराची बायको बहुतेक वेळा गावी. त्याचा जोडप्याचा प्रवास म्हणजे शिमग्याला किंवा गणपतीला बोटीनं घरी जाणं, तोही एकट्यानं. कोकणात सलग रेल्वे पोचायला १९९८ उजाडलं.

इथे एक सापळा दाखवतो. बालविवाहाला आळा घालणारा सारडा कायदा १ एप्रिल १९३० ला लागू झाला. मुलीचं किमान वय १४, मुलाचं १८. बरोबर दोन महिन्यांनी, १ जून १९३० ला, मुंबई-पुणे ‘डेक्कन क्वीन’ सुरू झाली. सुरुवातीला ती सप्ताहअखेरची खास गाडी होती. लग्नाचं वय वाढलं, मोठी जोडपी फिरू लागली, म्हणून गाडी आली! किती छान जुळतं. मार्गदर्शकांसमोर असं काही मांडलंत तर ते पहिला प्रश्न विचारतील: गाडीत बसत कोण होतं? या गाडीला १९५५ पर्यंत तिसरा वर्गच नव्हता. पुण्याच्या रेसला जाणारा श्रीमंत प्रवासी हे तिचं गिऱ्हाईक. कायदा आणि गाडी शेजारी आल्या त्या कॅलेंडरमध्ये. दोन तारखा जवळ दिसल्या की आधी त्या दोन्हींमध्ये सामाईक माणसं आहेत का, ते तपासायचं.

‘मधुचंद्र’ हा शब्दही बघा. इंग्रजी शब्दाचे दोन तुकडे करून तसेच मराठीत बसवलेत. कल्पना बाहेरून आली, आणि ती आधी त्यांच्याकडे पोचली ज्यांच्या नोकरीत रजा होती: सरकारी कचेऱ्या, बँका, वकील, डॉक्टर. म्हणून तुम्हाला या विषयावर काम करायचं असेल तर प्रेमपत्रांच्या आधी रजेचे नियम वाचा. कंटाळवाणे असतात, पण जुनी रेल्वे वेळापत्रकं त्यांच्याशेजारी ठेवली की शनिवारी दुपारनंतर सुटणारी गाडी कुणासाठी होती ते दिसू लागतं. ‘न्यूमन्स इंडियन ब्रॅडशॉ’सारखी वेळापत्रकं आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं महाराष्ट्र शासनाचं पुराभिलेखागार, इथून सुरुवात करता येईल.

आपण ज्याला सहज ‘वीकएंड’ म्हणतो तो किती नवा आहे, हे शेवटच्या दोन तारखांवरून कळेल. केंद्र सरकारच्या कार्यालयांत पाच दिवसांचा आठवडा १९८५ मध्ये आला. महाराष्ट्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना तो मिळाला २९ फेब्रुवारी २०२० पासून. (आणि महिन्याभरात टाळेबंदी लागली. सगळेच दिवस रविवार झाले.)

माथेरानात मात्र शनिवार-रविवार म्हणजे कामाचे दिवस. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात, पुढे बॅगा हमालाच्या डोक्यावर, माणसं घोड्यावर किंवा हातरिक्षात. एका जोडप्याला लाल मातीच्या चढावरून ओढत नेणाऱ्या त्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. त्या ओढणाऱ्यांना आठवड्यात कोणता दिवस मोकळा मिळत होता, आणि त्या दिवशी ते दोघं मिळून कुठे जात होते? यावर कुणी प्रबंध लिहिणार असेल तर मला वाचायला आवडेल.