साडेपाच तासांचं शेपूट

सॉफ्टवेअरमधली दुरुस्ती दुसऱ्याला द्यायची तर अख्खी फाइल पाठवत नाहीत. जुनी आणि नवी यांतला फरक तेवढा पाठवतात. त्याला म्हणायचं पॅच. त्याच्या डोक्यावर दोन ओळी असतात, एक जुन्या फाइलची, एक नव्या. प्रत्येकीत फाइलचं नाव, तारीख, वेळ आणि पॅच भारतात बनला असेल तर शेवटी +०५३० हे शेपूट, म्हणजे ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे.

महाराष्ट्रातल्या खोडाळा गावात बसून कुणी पॅच बनवला तरी संगणक हेच शेपूट लावणार. खोडाळ्याच्या सूर्याला मात्र ते मान्य नाही. भारताची वेळ ठरते मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर, आणि खोडाळा त्याच्या नऊएक अंश पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं धरली तर इथली माध्यान्ह सरासरीनं साडेबारा उलटून गेल्यावर, बारा छत्तीसच्या आसपास होते.

हे शेपूट चिकटलं १ जानेवारी १९०६ रोजी. त्याआधी रेल्वे मद्रास वेळेवर धावायची, म्हणजे ग्रिनिचच्या ५ तास २१ मिनिटं पुढे. खोडाळ्याहून कसाऱ्याला गाडी धरायला उतरणाऱ्याला स्टेशनचं घड्याळ आपल्या सूर्यापेक्षा साधारण २७ मिनिटं पुढे दिसलं असतं. मुंबईची स्वतःची वेळ ४ तास ५१ मिनिटांची. नवी वेळ आली तेव्हा मुंबईकरांना ३९ मिनिटं आधी उठायला लावल्यासारखं झालं, आणि ते खवळले. महापालिकेनं तर सरकारी वेळ झुगारून आपली घड्याळं मुंबई वेळेवरच ठेवली, तीही कित्येक दशकं. हट्टाला मुंबईकर कमी नाही. मधे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देशभर घड्याळं एक तास पुढे होती, म्हणजे शेपूट +०६३० चं होतं.

ही उलथापालथ आज एका साध्या मजकूर-फाइलमध्ये नांदते: जगभरच्या वेळपट्ट्यांचा संग्रह, जो आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात सुरू केला. त्यात ‘एशिया/कोलकाता’ या नोंदीखाली मद्रास वेळ आहे, १९०६ आहे, युद्धातला जादा तासही आहे. मुंबईला स्वतंत्र नोंद नाही, कारण १९७० नंतर ज्यांची घड्याळं सारखी चालली त्यांना एकच नाव, असा तिथला नियम. संग्रह पुढे पॉल एगर्ट यांच्याकडे आला, आणि जीएनयूच्या डिफ व पॅच या अवजारांवरही त्यांनीच वर्षानुवर्षं काम केलं. वेळपट्ट्यांचा गुंता ज्याला ठाऊक, त्याच्याच हाती पॅचची अवजारं आली, हे बरं झालं.

कारण जुन्या पॅचच्या मथळ्यात, म्हणजे डोक्यावरच्या त्या ओळींत, शेपूटच नव्हतं. फरक काढणारं डिफ १९७४ चं, बेल लॅब्समधलं. तो लावून देणारं, पॅच याच नावाचं अवजार लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये लिहिलं. मथळ्यात वार, महिना, तारीख, वेळ, साल येई, पण कुठल्या गावची वेळ, ते नाही. एका छताखाली काम करणाऱ्यांचं त्यावाचून अडत नसावं. पॅच समुद्र ओलांडू लागले तशी खोट दिसली. जीएनयू डिफनं २००२ पासून ‘युनिफाइड’ प्रकारच्या पॅचच्या मथळ्यात वेळपट्टी लिहायला घेतली.

खोट कुठे बोचते ते पाहा. मेक हे अवजार फाइलींच्या वेळा पाहून काय पुन्हा बांधायचं ते ठरवतं: उगम नवा, बांधलेलं जुनं, तर बांध. आता हिवाळ्यात कॅलिफोर्नियातून बिनशेपटीचा पॅच आला आणि इथल्या माणसानं ‘मथळ्यातली वेळच फाइलला दे’ असं पॅचला सांगितलं. तिथल्या सकाळच्या दहाला आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. पण फाइलवर शिक्का बसतो आपल्या सकाळच्या दहाचा. त्यानं दुपारी कार्यक्रम बांधलेला असेल, तर मेकच्या लेखी फाइल जुनी. दुरुस्ती फाइलीत आहे, कार्यक्रमात नाही, आणि चूक सुधारूनही चूक तशीच! उलट दिशेनं पॅच गेला तर फाइल भविष्यातली ठरते आणि मेक घड्याळ बिघडल्याची कुरकुर करतं.

आणखी एक गंमत. नसलेल्या फाइलची वेळ डिफ १९७० च्या १ जानेवारीचा आरंभक्षण म्हणून लिहितं; भारतात तो पहाटे साडेपाचला उगवतो. पट्टी लिहिलेली नसली तरी घोळ होऊ नये म्हणून जीएनयू पॅच त्या क्षणाच्या २५ तास आधीपासून २६ तास नंतरपर्यंतची कुठलीही वेळ ‘फाइल नव्हतीच’ अशी वाचतं. जगातली कुठलीही वेळपट्टी त्यात मावते.

सांगितल्याशिवाय पॅच मथळ्यातली वेळ फाइलला देत नाही. लावल्याचा क्षणच देतं. २००५ मध्ये आलेलं गिट, हे आवृत्त्या सांभाळणारं अवजार, तेच करतं. शिवाय प्रत्येक नोंदीत १९७० पासूनचे सेकंद आणि पाठवणाऱ्याचं शेपूट दोन्ही वेगळं जपतं. माझ्या मते हाच रास्त तोडगा. तरीही जुनी वेळ जपायचीच असेल, तर पाठवणाऱ्यानं टीझेड, म्हणजे संगणकाला वेळपट्टी सांगणारा चलघटक, यूटीसीवर (ग्रिनिच वेळेवर) ठेवून डिफ चालवावं, आणि घेणाऱ्यानं पॅचला कॅपिटल झेडचा पर्याय द्यावा, कॅपिटल टीचा नव्हे. टीझेडमध्ये हातानं भारतीय वेळ लिहायची पाळी आली तर मात्र सांभाळा: तिथे ग्रिनिचच्या पूर्वेकडच्या देशांना उणे चिन्ह लागतं, म्हणून आपली वेळ उणे साडेपाच अशी लिहायची.